जीन्सच्या भरीव नगांवर मराठी शब्द : आधी लिहा, मग कापा

बोरिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. कपाटात त्याच्या सहावीपासून कॉलेजपर्यंतच्या पाच जीन्स पडून आहेत. बोहारीण त्यांवर स्टीलचा डबा द्यायला तयार होती, पण ताईंचा जीव झाला नाही. घरात सासूबाईंची जुनी पितळी परात आहे. तिच्यात मांडायला या जीन्सच्या मुठीएवढ्या भरीव उशा, पत्त्यांतल्यासारखे बदाम आणि आंबे शिवायचे आणि प्रत्येकावर मशीनच्या टिपेने एकेक मराठी शब्द लिहायचा, असं त्यांनी ठरवलं. दुकानात अशा वस्तूंना ‘बाऊल फिलर’ म्हणतात. ताईंचे तीन नग शिवून झाले. तेवढ्यात तीन सुया तुटल्या, उशी भरल्यावर बटाट्यासारखी दिसायला लागली आणि ‘घर’ लिहिलेलं येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘धर’ वाचतो. मशीन साधं आहे, काळं, मोटर लावलेलं, फक्त सरळ टिपेचं.

ताई, यातल्या बऱ्याच त्रासाचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. तुम्ही आधी चौकोन कापला आणि मग त्यावर अक्षरं काढायला बसलात. दहा सेंटिमीटरचा तुकडा हातात धरायला जागाच देत नाही. त्याला वळवताना बोटं कडेला येतात, कापड ओढलं जातं, ओढीने सुई वाकते, वाकलेली सुई खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते. जीन्स जाड असते म्हणून सुई तुटली असं सगळे म्हणतात. माझ्या पाहण्यात जाडीने तुटलेल्या सुया थोड्या आणि ओढीने तुटलेल्या खूप. शिवाय कापलेली कड हाताळून ताणली जाते आणि पुढे तीच कड उशीचा आकार बिघडवते. म्हणून शब्द मोठ्या तुकड्यावर लिहा, निदान 20 गुणिले 25 सेंटिमीटरच्या. लिहून झाल्यावर त्यावर पुठ्ठ्याचा आकार ठेवा, शब्द मधोमध आलाय ना ते पाहा आणि मग कात्री लावा.

मी परळला 27 वर्षं शिवणकाम करते. ब्लाउज आणि पडदे हे रोजचं काम, पण गेली बारा वर्षं जुन्या जीन्सच्या वस्तूही शिवते आणि बायकांना शिकवते. खाली लिहिलेलं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

पहिल्यांदा पाचही जीन्स जमिनीवर पसरा आणि आतली लेबलं वाचा. सहावी-सातवीतल्या जीन्स बहुधा निव्वळ सुती निघतील. अलीकडच्यांमध्ये एक-दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ज्याला आपण लायक्रा म्हणतो ते असेल. लेबल पुसलं असेल तर पायाची आडवी 10 सेंटिमीटरची जागा दोन चिमटींत धरून ओढा. सहज 12 झाली तर ती स्ट्रेच. तुमची बटाट्यासारखी उशी बहुधा त्यातलीच. स्ट्रेच कापड भरल्यावर आडवं फुगतं आणि त्यावरचं अक्षरही फुगतं. माझा ‘पाऊस’ असाच एकदा इतका रुंदावला, की त्यातला काना वेगळाच पडल्यासारखा दिसत होता. स्ट्रेच जीन्स टाकून द्यायची नाही, पण तिच्या उलट बाजूला आधार द्यायला हवा. शिंप्यांना सामान देणाऱ्या कुठल्याही दुकानात ‘पेस्टिंग’ मागा, इस्त्रीने चिकटणारं, मध्यम जाडीचं, विणलेलं. कागदासारखं कडक बकरम घेऊ नका, सुलट करताना त्याच्या घड्या पडतात आणि बाहेरून दिसतात. सुती जीन्सलाही अक्षरांच्या जागेपुरतं पेस्टिंग लावलं तर टीप जास्त स्वच्छ बसते.

आता कापायचं कुठून? गुडघे आणि मांड्यांची आतली बाजू सोडा, तिथलं कापड विरलेलं असतं आणि भरल्यावर शिवणीजवळ फाटतं. पोटऱ्यांचा भाग सगळ्यात चांगला. मोठ्या माणसाच्या जीन्समधून गुडघ्याखाली दोन्ही पायांचे मिळून 12 सेंटिमीटरचे 16 ते 18 चौकोन निघतात, म्हणजे आठ-नऊ नग. मुलाच्या लहानपणीच्या जीन्समधून त्याच्या निम्मेही निघणार नाहीत, म्हणून त्या शेवटी कापा, हात बसल्यावर.

एक जागा मात्र मी कधी वाया जाऊ देत नाही. मागचा खिसा उसवला की त्याखाली गडद निळा पाचकोनी तुकडा दिसतो, जीन्स दुकानातून आणली त्या दिवसाच्या रंगाचा. जीन्समध्ये उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे धागे पांढरे राहतात. उलट बाजू फिकट दिसते ती त्यामुळेच. उभा धागाही गाभ्यापर्यंत निळा नसतो, रंग फक्त वरच्या थरात असतो. घासला गेला की आतला पांढरा गाभा वर येतो. खिशाखाली कापड कशाशीच घासत नाही, म्हणून तिथली नीळ शाबूत राहते, आणि भोवतीच्या फिकट कापडात ती खिशाच्या आकाराची सावली उमटते. पांढऱ्या दोऱ्याने लिहिलेला शब्द तिथं जसा उठतो तसा दुसरीकडे कुठेच नाही. एका जीन्सचे असे दोनच तुकडे, पाच जीन्सचे दहा. तुम्हाला सर्वांत प्रिय असलेले शब्द त्या दहांवर लिहा. खिसा उसवताना सीम रिपर, म्हणजे टाके उसवायचं छोटं हत्यार, आतल्या बाजूने चालवा आणि वरच्या कोपऱ्यांतले दाट टाके एकेक करून काढा. तिथं ओढलं तर नेमकं भोक पडतं.

पुढच्या खिशांजवळच्या तांब्याच्या रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या टिकल्या, मात्र उसवायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याभोवती दीड सेंटिमीटर सोडून कापा. सुई रिव्हेटवर पडली तर तुकडा डोळ्याकडेही उडू शकतो. या रिव्हेटची कल्पना एका शिंप्याची. जेकब डेव्हिस त्याचं नाव. मजुरांच्या पँटचे खिसे फाटतात म्हणून त्याने कोपऱ्यांना रिव्हेट ठोकल्या आणि 1873 मध्ये लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. पँटवर नाव राहिलं दुसऱ्याचं, म्हणून मी शिकवताना डेव्हिसचं नाव आवर्जून सांगते. आणि आपल्या मुंबईचंही सांगते. इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या डोंगरीवरून गेलेला आहे, तिथल्या बाजारातल्या जाड्याभरड्या सुती कापडाला ‘डुंगरी’ म्हणत. बटणं आणि मणी घ्यायला अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाते तेव्हा डोंगरी जवळच असते, आणि दर वेळी मला ते आठवतं.

जीन्स धुऊन, पूर्ण वाळवून, उलटी इस्त्री करून घ्या. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवू नका, निळीवर मिठाचा असा काही परिणाम होत नाही. नीळ धाग्याला चिकटून बसलेली असते आणि ती मुख्यतः घासून जाते. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा. फडकं निळं झालं तर आणखी दोन वेळा साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पांढरी अक्षरं काही महिन्यांत मळकी निळी दिसतील. सरावासाठी वेगळं कापड हवं असेल तर उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतलं कातरण चालेल, पण ते न धुतलेलं, खळ असलेलं आणि कडक असतं. त्यावर बसलेला हात मुलाच्या मऊ जीन्सवर वेगळा पडतो. सराव त्याच जीन्सच्या मांडीच्या मागच्या भागावर केलेला बरा.

आता अक्षरं. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मशीनने अक्षरं कशी काढायची हे जिथं-तिथं शिकवतात ते रोमन अक्षरांसाठी असतं. त्यांचं प्रत्येक अक्षर सुटं असतं, एक संपलं की दोरा तोडायचा आणि पुढचं सुरू करायचं. देवनागरीचं तसं नाही. आपल्याकडे शिरोरेखा आहे आणि मशीनसाठी ती वरदान आहे. एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जायला दोरा न तोडता तयार रस्ता मिळतो. अख्खा शब्द एका दोऱ्यात लिहिता येतो, सुरुवातीचं आणि शेवटचं टोक एकाच जागी येतं आणि उलट बाजूला गाठींचं जाळं होत नाही.

तुमचं ‘घर’च घेऊ. शिरोरेखेच्या डाव्या टोकाला सुई खाली उतरवा. तिथून घ चं पोट काढत या, पहिली छोटी गोलाई, दुसरी मोठी, आणि दंडाच्या मध्यावर पोचा. दंडावरून वर शिरोरेखेपर्यंत जा, तिथून सरळ खाली दंडाच्या टोकापर्यंत उतरा आणि त्याच रेषेवरून परत वर या. आता शिरोरेखेवरून उजवीकडे चालत र च्या जागी या. खाली उतरा, गोलाई घ्या, शेपूट काढा आणि त्याच वाटेने परत शिरोरेखेवर या. उजव्या टोकापर्यंत जा. तिथून वळा आणि शिरोरेखा उलट शिवत अगदी डाव्या टोकापर्यंत, जिथून निघालात तिथं या. शब्द पूर्ण. तुमच्या ‘घर’मध्ये चूक झाली ती याच शेवटच्या टप्प्यावर. तुमची शिरोरेखा घ च्या डोक्यावरून पूर्ण गेली नाही, मध्येच थांबली. घ आणि ध मध्ये वाचणाऱ्याचा डोळा मुख्यतः तेवढाच फरक बघतो. म आणि भ, य आणि थ यांचंही तसंच. या जोड्यांमधलं अक्षर असेल तर शिरोरेखा कुठं चालू आणि कुठं तुटते ते खडूने आधी ठळक करून ठेवा. भ, ध, थ यांच्यावर रेघ तोडावी लागते. तिथं दोरा कापू नका. सुई वर, कापड दाबणारा मशीनचा पाय वर, कापड पुढे सरकवा, पलीकडे सुई उतरवा आणि मधला सुटा दोरा शेवटी छाटा. मात्र छाटण्याआधी दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके जागच्या जागी घेतलेले हवेत.

असा लिहिलेला शब्द दंडावर आणि शिरोरेखेच्या बऱ्याच भागावर दुहेरी दोऱ्याचा होतो, घ च्या पोटासारख्या गोलाईवर एकेरी. मला ते जाड-बारीक आवडतं. सारखी जाडी हवी असेल तर गोलाईवरून आणखी एक फेरी मारा.

वरच्या मात्रा, वेलांटी आणि रफार परतीच्या शिरोरेखेवर घ्यायचे, जाताना नाही. जाताना घेतले तर परतीची टीप त्यांच्या बुडाशी गर्दी करते. उकार दंडाच्या खालच्या टोकाला पोचल्यावर तिथूनच काढायचा आणि मग वर यायचं. अनुस्वार मशीनवर सोडा, हाताने एक गाठीचा टाका किंवा काचेचा मणी लावा. मशीनने ठिपका करायला गेलं की एकाच जागी दहा टाके पडून कापडाला भोक पडतं. जोडाक्षरं सुरुवातीला नकोत. ह सुद्धा नको, त्याचं खालचं वळण फसवं आहे, म्हणून ‘चहा’ दहाव्या नगानंतर. ‘नग’, ‘मन’, ‘गाव’, ‘ऊन’, ‘मामा’, ‘पान’ असे शब्द आधी घ्या. ल आणि श आपले मराठी वळणाचे काढा. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातल्या वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, तोच. त्या ल ला उजवीकडचा उभा दंड नाही, शिरोरेखेतून देठावरून उतरलं की डावी पाकळी, परत देठाशी, मग उजवी. मशीनला ही वाट सोपी जाते आणि शब्द मराठी हाताचा दिसतो. फोनवरून उतरवलेल्या अक्षरांत बऱ्याचदा हिंदी वळणाचा ल येतो, तेवढं बघून घ्या.

हे सगळं मशीनवर करायचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा. पाय आणि खालून कापड पुढे सरकवणारे दाते नेहमीसारखे ठेवा, टाका दोन मिलिमीटरचा. वळणावर सुई कापडात खाली ठेवून पाय उचला, कापड थोडं फिरवा, पाय पाडा, दोन टाके, पुन्हा थोडं फिरवा. गोलाईवर मोटर वापरू नका, चाक हाताने आपल्याकडे फिरवा. ‘घर’ला पंधरा मिनिटं लागतील आणि लागू द्या. दुसरा मार्ग मशीनवर भरतकाम करणाऱ्यांचा. पाय काढून टाकायचा, दाते झाकायचे किंवा टाक्याची लांबी शून्यावर आणायची, कापड रिंगमध्ये घट्ट ताणायचं आणि रिंग दोन्ही हातांनी फिरवत पेनाने लिहावं तसं लिहायचं. रिंगमध्ये कापड नेहमीच्या उलट बसवायचं असतं, म्हणजे ते खाली पत्र्याला टेकतं. आणि पाय काढलेला असला तरी पायाचा दांडा लिव्हरने खाली पाडायलाच हवा. तो वर राहिला तर दोऱ्याचा ताण सुटतो आणि खाली दोऱ्याचं घरटं होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकीचं पहिल्या दिवशी हेच होतं. मशीन बिघडलं म्हणून कारागिराला बोलावण्याआधी लिव्हर बघा. या पद्धतीत बोटं सुईच्या जवळ जातात, तेव्हा रिंगच्या बाहेरच हात ठेवा.

अक्षरांसाठी 16 नंबरची सुई, जीन्सची मिळाली तर उत्तम. जाड दोरा वरून घेतला तर 18 नंबर, कारण तिचं नेढं मोठं असतं, आणि बॉबिनमध्ये साधाच दोरा. दर चार-पाच नगांनंतर सुई बदला. जीन्सवर तिचं टोक लवकर बोथट होतं आणि मग ठक-ठक आवाज यायला लागतो, तो ऐकायची सवय लावून घ्या. रंगाबद्दल माझं मत ठाम आहे: गडद कापडावर मोतिया पांढरा, फिकट कापडावर कुंकवाचा लाल. तांबूस पिवळा नको. जीन्सची मूळ टीप त्याच रंगाची असते, त्यामुळे अक्षर शिवणीसारखं दिसतं आणि वाचलं जात नाही.

अक्षर दंडाच्या उंचीला निदान दीड सेंटिमीटर हवं. त्याहून लहान काढलं तर क आणि व ची पोटं दोऱ्याने बुजतात. खुणा करायला अंगाच्या साबणाची सुकलेली पातळ चिप वापरा, गडद जीन्सवर बारीक पांढरी रेघ येते आणि पाण्याने निघते. मुलाच्या हस्ताक्षरातलाच शब्द हवा असेल, आणि तुमच्या जागी मी तोच घेतला असता, तर त्याच्या जुन्या वहीतला शब्द बटर पेपरवर गिरवा, पेपर कापडावर टाचा, त्यावरूनच शिवा आणि मग पेपर हळूच फाडून काढा. आधी टिपेच्या एका बाजूचा पेपर ओढा, मग दुसऱ्या बाजूचा, टाके हलत नाहीत.

आकाराचं आता थोडक्यात. चेंडूचा मोह टाळा. तो संत्र्याच्या फोडींसारख्या सहा तुकड्यांचा असतो आणि एका फोडीवर आडवा शब्द मावत नाही. शब्दासाठी चौकोनी उशी, बदाम आणि आंबा. चेंडू करायचेच तर कोरे करा, मध्ये-मध्ये ठेवायला. शब्द आकाराच्या मधल्या भागात ठेवा, कडेपासून निदान अडीच सेंटिमीटर आत, कारण भरल्यावर कडा मागे वळतात. उशीचे चारही कोपरे कापतानाच किंचित आत घ्या आणि बाजू सरळ ठेवा.  दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवा आणि माया, म्हणजे टिपेबाहेरचं कापड, एक सेंटिमीटर ठेवा. शिवल्यावर दोन्हींपैकी एका थराची माया अर्धी छाटा, म्हणजे आत गुठळी होत नाही. बाहेर आलेल्या गोलाईवर छोटे त्रिकोण कापून काढा, बदामाच्या वरच्या खाचेत टिपेपर्यंत एक सरळ काप द्या, टिपेला लागू न देता. शिवणीवर शिवण येत असेल तिथं आधी बत्त्याने चार ठोके मारा. खरंच मारा. जाड शिवण चपटी होते, मग चाक हाताने फिरवत पार करा. पायाच्या मागे जीन्सची घडी सरकवली तर पाय सपाट राहतो आणि टाका चुकत नाही.

सरळ बाजूवर साडेचार सेंटिमीटरचं तोंड उघडं ठेवा, बदामाच्या टोकाशी कधी नाही. सुलट करताना कोपरे कात्रीच्या टोकाने ढकलू नका, लाकडी चमच्याचा दांडा वापरा. आंब्याला देठ हवा तर बेल्टचा एक लूप शिवणीत घाला, तो आधीच दुमडून शिवलेला असतो.

मुलांना सोबत घेणार असाल तर सुलट करण्याची भानगडच नको. दोन तुकडे उलट बाजू आत ठेवून वरूनच शिवा आणि कडेला आठ मिलिमीटर उघडे सोडा. धुतलं की दशा सुटतात. खालच्या-वरच्या कडेला निळ्या, बाजूच्या कडांना पांढऱ्या, उभ्या-आडव्या धाग्यांच्या रंगामुळे. फार छान दिसतात.

भरण्याबद्दल मुंबईत वेगळं सांगावं लागतं. पहिल्या वर्षी मी जुलैत चाळीसेक नग साध्या कापसाने भरले होते. गणपतीत डबा उघडला तर कुबट वास आणि फिकट नगांवर काळे ठिपके. सगळे उसवले. कापूस हवेतलं पाणी पितो आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ती हवा ओलीच असते. तेव्हापासून मुख्य भराव पॉलिस्टर फायबरचा घेते. कापूसच हवा असेल तर पिंजून घेतलेला, एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस तापवलेला, आणि नग त्याच महिन्यांत शिवून बंद करायचे. तांदूळ, गहू, मोहरी वजनासाठी घालू नका, पोरकिडे होतात. वजन हवं तर त्याच जीन्सचे एक सेंटिमीटरहून बारीक तुकडे करून मधोमध भरा आणि भोवती फायबरचा थर द्या, म्हणजे गाठी वरून जाणवत नाहीत. मुलाच्या जीन्सचा एक धागाही बाहेर जाणार नाही, हे तुम्हाला आवडेल असं वाटतं. वासासाठी वाळ्याच्या जुडीतल्या चार काड्या कापून आत ठेवा.

भरताना आधी कोपरे, चिमूटभर-चिमूटभर, प्रत्येक चिमूट बोटांनी विस्कटून. गोळाच्या गोळा कोंबला की बटाटा होतो. शब्दाच्या मागे भराव सगळ्यात समान हवा, नाहीतर शिरोरेखा वाकलेली दिसते. अंगठ्याने दाबल्यावर लगेच वर आला पाहिजे इतका घट्ट भरा. तोंड हाताने शिवा, दुहेरी दोरा, दोन्ही दुमडींच्या आतून जाणारा लपता टाका, आणि बोटात अंगुस्तान घाला. जीन्समधून हातसुई ढकलताना नेढ्याची बाजू बोटात शिरते.

तीस सेंटिमीटरच्या परातीत नऊ ते अकरा नग बसतील. सगळे शब्द वर करून ठेवू नका. चार-पाच दिसावेत, बाकीचे कडेने वळलेले असावेत, म्हणजे कुणी उचलून बघेल. पितळ दमट हवेत हिरवट होतं आणि तो डाग कापडाला लागतो. परात चिंचेने घासून अगदी कोरडी करा आणि तळाला सुती फडकं घाला. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी नग तासभर गॅलरीत काढा, शब्दाची बाजू खाली करून.